ग्रहणातलं टमाटर

डॉक्टरीणबाईंनी काचेची एक पट्टी प्रणालीच्या गालावर दाबून धरली आणि मागं न बघता म्हणाल्या, "काकू, जरा इकडे या. हे बघा."

अन्नपूर्णाबाई खुर्चीवरून उठल्या. डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत उतरलेला लेकीचा तो लालभडक डाग काचेखाली दिसतच नव्हता. गाल चारचौघींसारखा गव्हाळ झाला होता. पोरीच्या जन्मापासून तो गाल असा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. बाईंनी पट्टी उचलली आणि डाग हळूहळू आपल्या जागेवर परत आला.

"कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्या असतात. हिच्या इथल्या जन्मापासून फुगलेल्या आहेत. दाबलं की रक्त सरकतं, सोडलं की परत भरतं. बाकी काही नाही."

प्रणालीनं मांडीवरच्या ओढणीची घडी उलगडली, परत घातली. स्कूटीवर सगळ्याच पोरी तोंडाला ओढणी बांधतात, त्यामुळे रस्त्यावर तिचं बरं चालायचं. पंचाईत व्हायची ती ओढणी सोडल्यावर.

"मॅडम, बाजारातल्या एक पार्लरवाल्या म्हणतात, एका बैठकीत साफ करून देतो. लेझरनंच."

"कुठल्या लेझरनं?"

"कुठल्या म्हणजे... लेझरनं."

"लेझर म्हणजे एकच यंत्र नसतं गं. केस काढायचं वेगळं, काळ्या डागांचं वेगळं, गोंदण घालवायचं वेगळं. त्यांच्याकडे असेल ते केसांचं. ते यावर मारलं तर गाल भाजेल, आणि लालाच्या जोडीला काळा डाग मिळेल. तुला हवं ते रक्ताच्या रंगावर काम करणारं. ते इथे बुलडाण्यात नाही. संभाजीनगरला जावं लागेल."

"मग एका टाइमात डाग जाईन?"

"वर्षभर तरी जा-ये करावी लागेल. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाल जांभळा दिसेल, तेव्हा उन्हात फिरायचं नाही. आणि खरं सांगते, पूर्ण जाणार नाही. लहानपणी केलं असतं तर जास्त फरक पडला असता. आता फिका होईल. निम्मा, किंवा थोडा जास्त."

प्रणालीचं तोंड उतरलं. पार्लरवाली पूर्ण देत होती आणि ही शिकलेली बाई निम्म्यावर आली होती. पण डॉक्टरकडेच जायचं हा हट्ट आईचा होता. आठ दिवस आईनं त्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता आई लेझरचं एक अक्षर विचारत नव्हती. ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काकू, तुम्हाला काही विचारायचंय?"

"हाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की बाईंना पुढं वाकावं लागलं. "हे कायच्यानं होते जी?"

"नक्की कारण माहीत नाही. पोटात बाळ घडतानाच कधी तरी होतं."

"घरान्यातून?"

"सहसा नाही."

"अन्... ग्रहनानं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. चांगल्या मनाच्या होत्या, म्हणून लगेच हसू आवरलं. "नाही हो काकू. ग्रहणाचा काही संबंध नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही."

अन्नपूर्णाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, त्यांना घाई होती. "हे एवढं यिच्या बापाले सांगा न बाई. बाहीर बसेल हायेत ते. तुमी सांगतलं का ऐकतीन."

भगवंतराव आत आले, टोपी काढून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी तेच वाक्य त्यांना सांगितलं. भगवंतराव "बरं, बरं" म्हणाले, हात जोडले आणि बाहेर गेले. देऊळघाटला परतताना ऑटोत ते एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याचं तोंड बंद असण्याचं एवढं सुख अन्नपूर्णाबाईंना लग्नानंतर पहिल्यांदाच लाभत होतं.

त्याचं असं झालं होतं. प्रणाली पोटात असताना आषाढातल्या अमावास्येला सूर्यग्रहण आलं. देशभर त्याचा गाजावाजा होता. सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, सुनेला मधल्या खोलीत पाय लांब करून बसवलं. काही चिरायचं नाही, मोडायचं नाही, शिवायचं नाही, अंग खाजवायचं नाही. स्वतः त्या दाराशी राखणीला बसल्या आणि थोड्या वेळात तिथंच भिंतीला टेकून घोरायला लागल्या. आभाळ तर इतकं भरलेलं होतं की ग्रहण कुणाला दिसलंही नाही. अन्नपूर्णाबाई मात्र हलल्या नाहीत. लघवीला लागली तरी उठल्या नाहीत. ग्रहण सुटल्यावर पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यांना धरून उठवावं लागलं.

पुढं थंडीत पोरगी झाली ती असा गाल घेऊन. शालूबाईंनी नातीच्या गालाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या टमाटरच्या टोपल्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. ग्रहणात सुनेनं टमाटर चिरलं! घर भाजीपाल्याचं. भगवंतराव वांगी-टमाटर बुलडाण्याच्या बाजारात न्यायचे, त्यामुळे टमाटर घरात बारमाही. पुरावा तयारच होता. आपण राखणीला असताना झोपलो होतो हे शालूबाईंनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि सुनेनं सांगितलं असतं तर ऐकणारं कोण होतं?

तेव्हापासून भगवंतरावांना एक वाक्य सापडलं. पोरगी रडत घरी आली, शाळेतल्या पोरांनी चिडवलं, कुणाच्या डोहाळजेवणात पोटुशी बाई प्रणालीला बघून तोंड फिरवून बसली, की भगवंतराव म्हणायचे, "इचार तुह्या मायले." कधी रागानं, कधी हसत, कधी नुसतं सवयीनं. पाहुण्यांसमोर तर हमखास. आठ वर्षांची असताना पोरीनं खरंच विचारलं होतं, "आई, तू काऊन चिरलं व?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "म्या नाही चिरलं." पोरीनं आईकडे बघितलं, आरशात बघितलं आणि दोघांतलं तिला जे खरं वाटलं ते तिनं धरलं.

आता मात्र डॉक्टरीणबाईंचा शब्द मिळाला होता. त्या आठवड्यात अन्नपूर्णाबाई गावात वेगळ्याच चालीनं फिरल्या. मिरच्या तोडायला आलेल्या बायांना सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. "ग्रहनाचा काही संबंध नाही म्हने. डाक्टरनं तोंडावर सांगतलं यायले." बाया "हाव का व?" म्हणायच्या आणि त्या पुढं गेल्या की एकमेकींकडे बघून हसायच्या. डॉक्टरचं काय, फी दिली की गोड बोलतात. पण हे हसू अन्नपूर्णाबाईंपर्यंत पोचलं नाही, आणि भगवंतरावांनीही तेवढे दिवस ते वाक्य काढलं नाही.

त्यातच प्रणालीचं जुळत आलं. ती ज्या पतसंस्थेत कॅशियर होती तिथंच शिवम नावाचा मुलगा बदलून आला होता. मूळचा जळगाव जामोदचा, घाटाखालचा. तिला तो रोज ओढणीशिवाय बघत होता आणि तरी त्यानंच विचारलं होतं. पंचविशी ओलांडलेल्या आणि त्या गालाच्या पोरीला असं विचारणारा मिळतो म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. याआधी मेहकरचे येऊन गेले होते, चिखलीचे येऊन गेले होते. दोघांनीही पोहे खाल्ले, एकच प्रश्न विचारला आणि निरोप न देता राहिले.

शिवमच्या घरचे यायचे होते त्या सकाळी अन्नपूर्णाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. प्रणाली दाराला टेकून उभी राहिली.

"आई, शिवमची मम्मी इचारन आज."

"इचारू दे. सांगतो न मी, डाक्टरबाईनं काय सांगतलं ते."

"तेच नको सांगू."

अन्नपूर्णाबाईंचा हात परातीत थांबला.

"तू सांग, ग्रहनात चिरलं म्हून."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? डॉक्टर काय म्हणे? कारण माहीत नाही. अन् घराण्यातून *सहसा* नाही. त्या सहसावर कोण पोरगं देते व? मेहकरवाल्यायनं काय इचारलं होतं? लेकरायले होईन का, हेच न? चिखलीवाल्यायनंबी तेच. कारण माहीत नाही म्हटलं का लोकायले वाटते, रक्तातच हाय. ग्रहण म्हटलं का ते एकट्या तुह्यावर येते अन् तिथंच खतम होते. पुढं काही येत नाही."

तिनं हे सगळं पाठ करून आल्यासारखं एका दमात म्हटलं. तवा तापून धूर यायला लागला होता.

"पन म्या नाही चिरलं, बाई."

"मले मालूम हाय."

"तुले मालूम हाय?" अन्नपूर्णाबाईंनी मान वर केली. एवढ्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"डॉक्टर बोलली तवा मीबी होती न तिथं," प्रणाली म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "अन् खरं सांगू का? पार्लरमध्ये गेली असती तर जाळलं असतं त्यायनं, मान्य हाय. पण तू मले डॉक्टरकडं नेलं ते काही गालासाठी नाही. तुले तुहं ऐकून घ्यायचं होतं. घेतलं न ऐकून? झालं न समाधान? आता माह्यासाठी एक दिवस सांग. तसंही गाव तर म्हनतेच."

यातलं काहीच खोटं नव्हतं. आपण पोरीच्या गालापेक्षा आपल्या प्रश्नासाठी गेलो होतो हे अन्नपूर्णाबाईंना माहीत होतं, आणि पोरीनं ते ओळखलं याची त्यांना लाज वाटली. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती एका बाजूनं करपायला लागली तरी उलटायचं भान राहिलं नाही.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. शिवम, त्याचे वडील शेषराव आणि आई कौशल्याबाई. शेषराव येताच भगवंतरावांशी घाटातल्या रस्त्याबद्दल बोलायला बसले आणि शेवटपर्यंत त्यातच राहिले. कारभार सगळा कौशल्याबाईंचा. त्यांनी प्रणालीला जवळ बसवलं, हनुवटीला धरून गाल उजेडाकडे वळवला आणि बाजारात वांगं बघावं तसा नीट बघितला. शिवम मोबाइलमध्ये बघत राहिला.

"पोरगं म्हन्ते मशिनीवर नेनार हाय. न्या बाप्पा. गेला त गेला, नाही गेला त राह्यला. आमाले डागाचं काही नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमाले फक्त एक सांगा, हे आलं कुठून?"

भगवंतराव पुढं सरसावले. "त्याचं असं हाय, ग्रहन होतं तवा..."

"तुमी नका सांगू भाऊ. बाप्या मानसाले काय समजते त्यातलं? मायनं सांगाव."

खोलीत सगळे अन्नपूर्णाबाईंकडे वळले. त्या दाराच्या चौकटीशी बसल्या होत्या. प्रणाली खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"म्या चिरलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"काय चिरलं?"

"टमाटर."

"ग्रहन लागेल असतानी?"

"हाव."

कौशल्याबाई एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. लोक काहीही सांगतात, हे त्या पोरांची लग्नं जमवून शिकल्या होत्या. "अन् सासू कुठी होती तुमची? तिनं नाही बजावलं?"

इथं अन्नपूर्णाबाईंना एक संधी होती. म्हातारी घोरत होती हे सांगता आलं असतं. निदान तेवढं तरी खरं बाहेर आलं असतं. भगवंतराव टक लावून बघत होते.

"सासूबाईनं लय बजावलं होतं. दारातच बसेल होत्या त्या, डोये उघडे ठिवून. म्याच ऐकलं नाही. त्या पानी प्यायले उठल्या तेवढ्यात म्या टोपल्यातून एक घेतलं. इळ्यावर चिरलं, चार फोडी केल्या, मीठ लावलं अन् खाल्लं."

"पन काऊन?"

"भूक निघाली नाही मले. दम नाही धरवला."

कौशल्याबाईंनी तोंडानं च्च केलं. शिवमनं मोबाइल खाली ठेवला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव इतका उघड होता की बघवत नव्हता. फोडी किती, मीठ किती, सगळं अन्नपूर्णाबाई सांगत गेल्या. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून ती गोष्ट त्यांना पाठ झाली होती, फक्त स्वतःच्या तोंडून सांगायची राहिली होती.

भगवंतरावांनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? पाह्यलं का? पंचीस वर्सं नाही, नाही म्हने! माह्या मायले खोटी पाडे! आज तुमच्या म्होरं कबूल झाली!"

आणि ते हसायला लागले. मग शेषराव हसले, शिवमही हसला. डॉक्टरीणबाईंसमोर टोपी काढून उभं राहावं लागल्याचा सगळा वचपा त्या हसण्यात निघाला. अन्नपूर्णाबाईंना त्या क्षणी नवऱ्याचा असा संताप आला की हातातली कपबशी फुटेल असं वाटलं. त्यांनी ती खाली ठेवली.

"चला, एक बरं झालं," कौशल्याबाई म्हणाल्या. "रक्तातलं नाही. मायची जीभ आडवी आली म्हना. पोरगी आमाले पसंत हाय." मग त्या थांबल्या, आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "पन इहीनबाई, राग मानू नका. तुमच्या हाताले ग्रहनाचं लागेल हाय. लग्नाची हयद तुमी लावू नका पोरीले, तिच्या काकूले लावू द्या. अन् पयलं बाळंतपन माहेरी धाडनार नाही आमी. तिले दिवस गेले का तुमी आमच्या घरी यायचं नाही, लेकरू होऊन घरात फिरेपर्यंत. मंजूर असन त सुपारी फोडू."

पहिलं बाळंतपण आईकडे. त्यासाठी बायका लेकीच्या लग्नाआधीपासून जुनी मऊ लुगडी बाजूला काढून ठेवतात. अन्नपूर्णाबाईंनीही ठेवली होती. त्यांनी प्रणालीकडे बघितलं. आता तरी ती काही बोलेल, निदान मान वर करेल, असं त्यांना वाटलं. प्रणालीचा अंगठा तेवढा जमिनीवर थांबला होता.

"मंजूर हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बराबर हाय तुमचं."

सुपारी फुटली. जेवणं झाली. कौशल्याबाईंनी निघताना प्रणालीच्या हातावर पेढा ठेवला आणि तिला मशीनवरून आल्यावर उन्हात फिरू नको म्हणून बजावलं. भगवंतराव पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले, आणि रस्त्यावर भेटेल त्याला दोन बातम्या देत राहिले. एक लेकीचं ठरल्याची आणि दुसरी बायको कबूल झाल्याची. कुठल्या बातमीचा त्यांना जास्त आनंद झाला होता ते त्यांच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं.

अन्नपूर्णाबाई मोरीपाशी भांडी घासायला बसल्या होत्या. प्रणाली मागून आली, तिथंच ओल्यात बसली आणि आईच्या गळ्यात हात टाकून तिनं खांद्यावर हनुवटी ठेवली. लहानपणानंतर ती अशी बसली नव्हती. तिचा डागाचा गाल आईच्या गालाला लागला. तो ऊन होता.

"आई, मी तुले येऊ देईन. लेकराच्या टायमाले. त्यायले न सांगता."

"बरं."

"किती पद्धतशीर सांगतलं व तू! फोडी काय, मीठ काय! मी तर पाहतच राह्यली." ती हसली, मग नाक ओढलं. मग हळूच तिनं विचारलं, "आई... खरंच नव्हतं न चिरलं?"

अन्नपूर्णाबाईंचा हात ताटावर फिरायचा थांबला. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि खरंही होतं. पण त्या घरात कौशल्याबाई होत्या. त्या सणावाराला विचारणार, दुखण्याखुपण्यात विचारणार, दिवस गेले की रोज विचारणार. पोटात एक आणि ओठात एक ठेवून पोरगी किती दिवस निभावणार होती? कधी तरी निसटलंच असतं. आणि एवढंच नव्हतं. इतकी वर्षं नाही म्हटलं ते या पोरीला खरं वाटलं नाही, परक्या डॉक्टरीणबाईंनी म्हटलं तेव्हा खरं वाटलं, आणि तेही एका दुपारच्या गोष्टीनं परत डळमळलं. अन्नपूर्णाबाईंना आता नाही म्हणण्याचा वीट आला होता.

"चिरलं होतं," त्या म्हणाल्या.

"मंग डॉक्टर..."

"तिचं कामच हाय व मानसाचं मन राखनं. तू आपली मशिनीवर जात जा. मधातच सोडू नको."

प्रणालीची हनुवटी थोडा वेळ तशीच खांद्यावर राहिली. मग गळ्यातले हात सैल झाले. ती उठली. दारापाशी जाऊन थांबली, गालावर बोटं टेकवून तिनं आईच्या पाठीकडे बघितलं.

"एवढीशी भूक निघाली नाही तुले?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

अन्नपूर्णाबाईंनी पाहुण्यांच्या उरलेल्या कपबशा पुढ्यात ओढल्या, राखेत हात घातला आणि एकेक घासायला घेतली.